पाय का नाही टेकवला?

खडकवासल्याहून परत येताना सिंहगड रस्त्यावरच्या एका सिग्नलला मी पडले. सकाळचे साडेसात वाजले होते, रस्ता कोरडा होता आणि मला कुणीही धडक दिली नव्हती. दिवा लाल झाला, मी ब्रेक लावले, सायकल थांबली आणि थांबलेल्या सायकलीसकट मी उजवीकडे आडवी झाले. शेजारच्या रिक्षातले काका धावत आले. ते सायकल उचलायला गेले तर ती उचलेना, कारण तिच्याबरोबर माझा उजवा बूटही वर येत होता. मी टाच फिरवून बूट सोडवला, तेव्हा कुठे सायकल उभी राहिली. "ताई, लागलं का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटल्यावर जरा थांबून म्हणाले, "पण पाय का नाही टेकवला?"

"बूट अडकला होता," एवढंच मला त्या वेळी सांगता आलं. उत्तर खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. बूट सोडवायला मनगटाएवढीही ताकद लागत नाही, हे मला ठाऊक होतं. नऊ दिवस मी तेच शिकत होते. काकांच्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर थोडं यंत्राबद्दल, थोडं तोलाबद्दल आणि बरंचसं सवयीबद्दल बोलावं लागतं.

आधी यंत्र. या पेडलांना 'क्लिपलेस' म्हणतात आणि हे नाव प्रत्येक नवशिक्याला बुचकळ्यात टाकतं. बुटाच्या तळव्याला एक पट्टी बसवायची, ती पेडलमध्ये खट्‌कन अडकवायची, आणि नाव मात्र 'क्लिप नसलेलं'! याचं कारण इतिहासात आहे. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पेडलवर पुढच्या बाजूला लोखंडी पिंजरा असे. त्यात बुटाचं टोक घालायचं आणि वरून चामड्याचा पट्टा आवळायचा. त्या पिंजऱ्याला 'टो-क्लिप' म्हणत. पाय काढायचा तर आधी वाकून हाताने पट्टा सैल करावा लागे. तो पिंजरा ज्या पेडलला नाही, ते क्लिपलेस. पुढे पिंजरे दिसेनासे झाले, नाव तेवढं राहिलं.

कल्पना तशी जुनी. अमेरिकेत चार्ल्स हॅन्सन याने १८९५ मध्येच पाय फिरवून अडकवायचं आणि फिरवूनच सोडवायचं पेडल शोधलं होतं. ते रुळलं नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या चिनेल्ली कंपनीने 'एम ७१' नावाचं पेडल काढलं. त्यात बूट घट्ट बसे, पण सोडवायला पेडलवरची कळ हाताने ओढावी लागे. पडताना माणूस हात खाली नेऊन कळ ओढेल, ही अपेक्षाच अवघड. सायकलस्वारांमध्ये त्या पेडलांना मरणाशी जोडलेलं टोपणनाव मिळालं.

खरी वाट सापडली ती बर्फावर. फ्रान्समधल्या नेव्हेर गावची 'लुक' ही कंपनी स्कीइंगसाठी लागणारे बांध बनवायची, म्हणजे बूट स्कीच्या फळीला धरून ठेवणारी यंत्रणा. त्या यंत्रणेकडून दोन उलट्या गोष्टी हव्या असतात. उतारावर वेगात जाताना पाय सुटता कामा नये, आणि पडताना पाय पिळवटला की त्याच क्षणी सुटला पाहिजे, नाहीतर हाड मोडतं. 'लुक'ने हीच विद्या सायकलला लावली आणि १९८४ मध्ये आपलं पेडल बाजारात आणलं. ओढून सुटायचं नाही, पिळून सुटायचं. दुसऱ्याच वर्षी बर्नार इनो यांनी ही पेडलं वापरून आपली पाचवी टूर द फ्रान्स जिंकली, आणि काही वर्षांत शर्यतीतले पट्टे इतिहासजमा झाले. या यंत्रणेमागे ज्यांचं डोकं होतं त्या झाँ बेइल यांनी पुढे 'टाइम' पेडलं घडवली. त्यांत पाऊल अडकलेलं असतानाही टाचेला थोडं इकडेतिकडे हलता येई. गुडघ्यांसाठी हे फार मोलाचं ठरलं. १९९० मध्ये जपानच्या शिमानोने डोंगरवाटांच्या सायकलींसाठी 'एसपीडी' आणलं. त्यातली धातूची छोटी पट्टी बुटाच्या तळव्यातल्या खोबणीत दडलेली असते, त्यामुळे उतरून चालताही येतं. माझ्या बुटांना हीच आहे.

त्या पट्टीला 'क्लीट' म्हणतात. पेडल हातात घेऊन पाहिलं तर गोष्ट अगदी साधी आहे. पुढे एक न हलणारा ओठ, मागे स्प्रिंगने दाबून धरलेला जबडा. क्लीटचं पुढचं टोक ओठाखाली सरकवायचं आणि पाऊल खाली दाबायचं. जबडा मागे सरकतो, क्लीट आत बसते, जबडा मिटतो. तोच तो खट्‌ आवाज. आता पाय सरळ वर कितीही ओढा, जबडा हलत नाही, कारण तो वरच्या ओढीला दाद न देण्यासाठीच बनवलेला आहे. टाच बाहेरच्या बाजूला, सायकलपासून दूर फिरवली की मात्र क्लीटची तिरकी कड जबड्याला पाचरीसारखी रेटते आणि बूट मोकळा होतो. स्प्रिंग किती ताठ असावी हे एका बारीक स्क्रूने ठरतं. तीन मिलिमीटरची एलन की लावून तो उलटा फिरवला की पकड सैल होते. नवशिक्याने पहिल्या दिवशी हा स्क्रू शक्य तितका सैल करून घ्यावा. मला सायकल तयार करून देणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. क्लीटचेही प्रकार असतात. शिमानोची नेहमीची काळी क्लीट फक्त टाच बाहेर नेल्यावर सुटते. चंदेरी रंगाची आणखी एक मिळते, ती इतर दिशांनीही सुटते, घाबरून जोरात हिसका दिला तरी बहुतेक वेळा पाय देते. शिकणाऱ्याने तीच मागून घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

आता तोलाकडे येऊ. लहानपणी आपण सगळ्यांनी तळहातावर काठी उभी धरली आहे. काठी ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला हात न्यायचा. सायकल चालवताना आपण हेच करतो. सायकल डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडे वळतं, चाकं अंगाखाली येतात आणि तोल सावरतो. चाकं भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून सायकल उभी राहते, असं आपल्याला शाळेत सांगितलेलं असतं. डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक खास सायकल बनवून दाखवून दिलं की भोवऱ्याचा तो परिणाम पुसून टाकला तरी ढकलून सोडलेली सायकल आपली आपण तोल सांभाळत जाऊ शकते. कललेल्या बाजूला वळणं, हे खरं मर्म.

पण वळून चाकं अंगाखाली आणायची तर सायकल पुढे सरकत असावी लागते. वेग कमी झाला की तेवढ्याच कलासाठी हँडल जास्त वळवावं लागतं, आणि वेग संपला की हँडल वळवूनही चाकं बाजूला सरकत नाहीत. त्या क्षणी सायकलस्वार म्हणजे टोकावर उभी केलेली काठी. अशा काठीचं पडणं मोठं फसवं असतं. सायकल आणि माणूस मिळून वजनाचा मध्य जमिनीपासून साधारण मीटरभर उंच धरला, तर दोन अंशांचा कल पहिल्या अर्ध्या सेकंदात चार-पाच अंशांवर जातो. तो धड जाणवतही नाही. पुढच्या अर्ध्या सेकंदात तोच वीस अंशांच्या आसपास पोचतो, आणि मग सावरायला काही उरत नाही. म्हणजे हाती एकूण सेकंदभर असतं आणि त्यातला निम्मा वेळ काही बिघडलंय हे कळण्याआधीच गेलेला असतो. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला हे पडणं फार सावकाश दिसतं. झाड कोसळावं तसं. पडणाऱ्याला मात्र ते फार लवकर वाटतं, आणि दोघंही खरं सांगत असतात.

माझ्या पडण्यात आणखी एक बारकावा होता, तो मला दोन दिवसांनी उमगला. माझा डावा पाय मोकळा होता! शिकवल्याप्रमाणे मी सिग्नलच्या आधीच डावी टाच फिरवून पाय सोडवला होता. पण थांबता थांबता उजवीकडून एक मोटारसायकल अगदी घासून पुढे आली आणि मी दचकून हँडल डावीकडे वळवलं. चाक डावीकडे गेलं, अंग उजवीकडे राहिलं. काठीखालून हात डावीकडे काढून घेतला तर काठी उजवीकडेच पडणार. मोकळा पाय एका बाजूला आणि पडणं दुसऱ्या बाजूला. नंतर इतरांशी बोलताना कळलं की बरीच मंडळी अशीच पडतात, एक पाय काढून आणि दुसऱ्या बाजूला. म्हणून थांबताना मी आता एक गोष्ट जाणून करते. डावा पाय काढला की शेवटच्या हातभर अंतरात हँडल अगदी किंचित उजवीकडे वळवते. अंग आपोआप डावीकडे झुकतं, मोकळ्या पायाकडे. आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूने जातात, तेव्हा डावीकडे झुकणं म्हणजे रहदारीपासून दूर झुकणंही होतं. मात्र रस्ता कडेला उतरता असेल तर डावा पाय अपेक्षेपेक्षा खाली टेकतो, याचं भान ठेवावं लागतं.

तरीही काकांचा प्रश्न उरतोच. उजवा पाय अडकला होता हे खरं, पण तो सोडवता येत होता. मी काय केलं? मी तो वर ओढला. जीव खाऊन ओढला. पिंढरीत दुसऱ्या दिवशीपर्यंत कळ होती.

माझी पहिली सायकल तासाच्या भाड्याने आणलेली, माझ्या उंचीला मोठी. दादा मागून कॅरिअर धरून पळायचा आणि मी कलंडायला लागले की ओरडायचा, "पाय टेकव!" ब्रेकच्या आधी, घंटीच्या आधी, तोल म्हणजे काय हे कळण्याच्याही आधी मी हा धडा शिकले. महाराष्ट्रात सायकल शिकलेल्या कुणालाही विचारा, आई, काका, मोठी बहीण, जे कुणी मागे धावत होतं त्यांनी हेच ओरडून सांगितलेलं असतं. पेडलवरून पाय उचलायचा, बाहेर न्यायचा, टेकवायचा. पस्तीस वर्षांत ही हालचाल मी किती हजार वेळा केली असेल! ती आता विचाराने होत नाही. कल जाणवला की पाय उचलला जातो.

मानसशास्त्रात कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे सांगतात. फिट्स आणि पोस्नर यांनी १९६७ मध्ये ते मांडले. आधी माणूस विचार करून करतो, प्रत्येक पायरी मनात म्हणत. मग चुका कमी होत जातात. शेवटी हालचाल आपोआप होते आणि मन दुसरीकडे मोकळं राहतं. नवव्या दिवशी मी पहिल्या टप्प्यातून नुकती बाहेर पडत होते. लक्ष देऊन केलं की टाच अचूक फिरायची. पण मोटारसायकल अंगावर आली तेव्हा लक्ष तिच्याकडे गेलं, आणि लक्ष गेल्यावर शरीर आपल्याकडे जे सर्वांत मुरलेलं आहे तेच करतं. ते होतं दादाचं "पाय टेकव". ज्या सवयीने मला आयुष्यभर सांभाळलं, तिनेच त्या सकाळी मला आडवं केलं.

सवय किती चिवट असते, याचा एक नामी नमुना अमेरिकेतल्या डेस्टिन सँडलिन या अभियंत्याने २०१५ मध्ये व्हिडिओ करून दाखवला. त्याच्याकडे एक सायकल होती, तिचं हँडल डावीकडे वळवलं की चाक उजवीकडे वळे. तत्त्व त्याला एका मिनिटात समजलं. चालवायला आठ महिने लागले, रोजचा सराव करून. त्याच्या लहान मुलाला दोन आठवडे पुरले. समजणं आणि येणं यांत एवढं अंतर असतं. आपला बदल त्या मानाने लहान आहे, एका टाचेचा. तरी दोन-तीन आठवडे द्यावेच लागतात.

ते कसे द्यावेत, हे मी पडल्यावर शिकले. सायकल भिंतीला लावून खोगिरावर बसायचं आणि अडकव-सोडव करायचं, प्रत्येक पायाने पन्नास वेळा. हे मी पहिल्याच दिवशी केलं होतं आणि तेवढ्यावर खूश होते. पण भिंतीशी टेकून शिकलेली हालचाल भिंतीशीच येते. पुढचे दिवस मैदानात, गवतावर काढायला हवेत. भाच्याला बरोबर न्यायचं आणि त्याने मध्येच, कधीही "थांब!" म्हणायचं. कधी वळणावर, कधी मी बोलत असताना, कधी पाणी पिताना. उजव्या पायाचा सरावही डाव्याइतकाच करायचा, कारण कुठल्या बाजूला पडायचं हे आपण ठरवत नाही. रस्त्यावर पाय ब्रेकच्या आधी सोडवायचा. सिग्नल वीस-तीस मीटरवर दिसला की टाच बाहेर. गिअरही आधीच हलका करून ठेवायचा, नाहीतर सुटल्यावर पहिलं पेडल मारायलाच जोर पुरत नाही आणि माणूस पुन्हा थांबल्या जागी कलंडतो. घाट चढताना हीच भीती मोठी असते. बोपदेव किंवा सिंहगडाच्या चढावर वेग इतका उतरतो की पाय काढायचा विचार येईपर्यंत सायकल थांबलेली असते. दम संपत आलाय असं वाटलं की संपण्याआधीच एक पाय मोकळा करावा.

आणि पडलोच तर? उभ्या उभ्या पडताना अंगाला फारशी इजा होत नाही, एका गोष्टीचा अपवाद सोडून. पडणारा माणूस आपसूक हात पुढे टाकतो. सगळं वजन ताठ हातावर येतं आणि मनगट मोडतं. कधी धक्का वर चढून गळ्याचं हाड मोडतं. म्हणून हँडल सोडू नये. कोपर वाकवून, हनुवटी छातीशी नेऊन पडावं, म्हणजे मार दंड आणि कंबर वाटून घेतात. मला कोपराला खरचटलं आणि कमरेला मुका मार बसला, आठवडाभर तिथे निळं-जांभळं होतं. हात टेकलाच असेल आणि अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर जो खळगा पडतो तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर डॉक्टरांकडे जावं, अंगावर काढू नये. तिथल्या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, दहा-बारा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. सायकलीचंही पाहावं. गिअर बदलणारा डिरेलर उजव्या बाजूला असतो. उजवीकडे पडल्यावर त्याला धरणारी पट्टी वाकू शकते, आणि मग सर्वांत हलक्या गिअरमध्ये तो मागच्या चाकाच्या आऱ्यांत जाऊ शकतो. घाटात ते फार महागात पडतं. माझी पट्टी किंचित वाकली होती. दुकानात सरळ करून घेतली.

एवढं सगळं कशासाठी, हा प्रश्न आमच्या घरीही निघाला. पेडल वर ओढताही येतं, म्हणून ताकद वाढते, असं बरेच जण सांगतात. प्रयोगांत तसं दिसलेलं नाही. मुद्दाम वर ओढत राहिलं तर तेवढ्याच कामाला प्राणवायू उलट जास्त लागतो. खरा फायदा वेगळा आहे. पाऊल एकाच जागी राहतं. पावसात घसरत नाही, खड्ड्यात उडत नाही, मिनिटाला नव्वद फेरे मारतानाही पेडलवरून निसटत नाही. लांबच्या पल्ल्यात याची किंमत कळते. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायची लांब पल्ल्याची फेरी, साडेतेरा तासांत पुरी करायची असते. त्यात दहा तास मिनिटाला ऐंशी फेरे धरले तर एकेक गुडघा ४८ हजार वेळा वाकतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी रेस अक्रॉस अमेरिका दोघांनी मिळून नऊ दिवसांच्या आत पुरी केली, त्यानंतर आपल्याकडे लांब पल्ल्याची ओढ बरीच वाढली आणि तिच्याबरोबर ही पेडलंही गावोगाव पोचली. पण क्लीट दोन-तीन मिलिमीटर वाकडी बसली तर तेच ४८ हजार फेरे गुडघ्याला सोलून काढतात. नुसत्या शहरात, सिग्नल-सिग्नलला थांबत ऑफिसला जायचं असेल तर साधी सपाट पेडलंच बरी, असं मी मैत्रिणींना सांगते.

त्या पडण्याला आता दोन वर्षं झाली. मंडईत जायला माझी जुनी सायकल आहे. पुढे टोपली, साधी रबरी पेडलं, पायात चपला. सिग्नल जवळ आला की त्या सायकलवरही माझी डावी टाच आधी बाहेर वळते, आणि मग पाय टेकतो.